संत्र्याच्या भावाचा पेपर कुठे पाठवायचा?

यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या जर्नलांची, यादी बंद झाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो : पेपर कुठे पाठवू, उत्तर कधी येईल आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावू. या वेळी नागपूर आणि आसपासच्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांचे व पीएच.डी. करणाऱ्यांचे असेच प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या दहा वर्षांच्या भावांवर माझा पेपर तयार आहे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, आधी सगळ्यात मोठ्या जर्नलला पाठवा, नाही जमलं तर एकेक पायरी खाली या. दुसरे म्हणतात, ओळखीच्या अंकात टाका आणि मोकळे व्हा. कुणाचं ऐकू? (सहायक प्राध्यापक, काटोल)

उत्तर : दोघांचंही नको. पहिल्या सल्ल्याने तुमची दोन वर्षं जातील, दुसऱ्याने पेपरच जाईल.

वरच्या पायरीचं गणित आधी पाहा. अर्थशास्त्रात ‘टॉप फाइव्ह’ म्हणजे अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, इकॉनोमेट्रिका, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी, क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स आणि रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाव्हिग्ना यांनी २०१३ मध्ये या पाचांचा हिशेब मांडला. १९९० ते २०१२ या काळात तिथे येणारे पेपर जवळजवळ दुप्पट झाले. छापले जाणारे मात्र १९७०च्या दशकाअखेरीस वर्षाला ४०० होते, ते ३०० वर आले. स्वीकृतीचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर घसरलं. पेपराची लांबी १९७०च्या दशकाच्या तिप्पट झाली आणि एका पेपरामागे सरासरी १.३ लेखक होते तिथे २.३ झाले. यातून एवढंच घ्यायचं की तिथल्या नकारावरून तुमच्या पेपराची प्रत कळत नाही. बहुतेकांना नकारच मिळतो.

मग जर्नल निवडायचं कसं? तुमची संदर्भसूची समोर घ्या आणि जर्नलनिहाय रेघा मारत मोजा. ३५ संदर्भांत एखादं नाव चार-पाचदा आलं, तर तुमचा वाचक तिथे आहे. रेफरीही, म्हणजे पेपर तपासणारा त्या विषयातला जाणकार, बहुधा तिथूनच येतो, कारण रेफरी शोधताना संपादक आधी तुमची संदर्भसूचीच चाळतो. एकही नाव दोनदा येत नसेल, तर अडचण जर्नल निवडण्यात नाही. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा कच्चा राहिला आहे.

संत्र्याच्या भावाला साजेशी नावं आपल्याकडेच आहेत. मुंबईच्या इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्सचं इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स १९४६ पासून निघतं. ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स रिसर्च रिव्ह्यू आहे. पुण्याच्या गोखले संस्थेचं ‘अर्थविज्ञान’ १९५९ पासून आहे. बाजार समितीच्या धोरणावर तुमचं ठाम म्हणणं असेल आणि आकडे त्याला पुरावा म्हणून येत असतील, तर इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली. संस्थांच्या काही जर्नलांत लेखक सभासद असावा लागतो. ही अट पाठवण्याआधी पाहा, नंतर नको.

एकाच वेळी दोन जर्नलांना मात्र पाठवू नका. रेफरींचं वर्तुळ लहान असतं. तोच पेपर एकाच माणसाकडे दोन ठिकाणांहून जातो, आणि मग दोन्ही दारं बंद होतात.

पाठवताना जेईएल कोड, म्हणजे अर्थशास्त्रातल्या उपविषयांचे ठरलेले सांकेतिक क्रमांक, मागतात. कृषी बाजारासाठी क्यू १३, किमतींच्या विश्लेषणासाठी क्यू ११. नुसता ‘ओ’ गटातला विकासाचा कोड टाकला, तर पेपर भलत्याच सहसंपादकाच्या टेबलावर जाऊन बसतो.

प्रश्न : पेपर पाठवल्यावर बाराव्या दिवशी दोन ओळींचा नकार आला. रेफरींचे शेरे नाहीत, कारण नाही. कुणी वाचला तरी का? (पीएच.डी. संशोधक, मानेवाडा)

उत्तर : संपादकाने वाचला, बहुधा सारांश, प्रस्तावना आणि मुख्य तक्ता एवढंच. याला डेस्क रिजेक्ट म्हणतात. नावाजलेल्या जर्नलांत निम्म्याच्या आसपास पेपर इथेच परततात, काही ठिकाणी त्याहून जास्त. बारा दिवसांत नकार मिळाला हे तुमचं नशीबच समजा. तोच नकार आठ महिन्यांनी येऊ शकला असता.

कारणं ठरलेली असतात. विषय जर्नलचा नसतो. किंवा प्रश्न पाचव्या पानावर उगवतो, आणि तोवर शेतीचं जीडीपीतलं स्थान, हरितक्रांती आणि उदारीकरण असा सगळा फेरफटका झालेला असतो. पहिल्या पानावर तीन गोष्टी हव्यात : प्रश्न काय, आकडे कुठले, उत्तर किती. ‘आवक वाढली की भाव पडतो’ हे उत्तर झालं नाही. ‘आवक १० टक्क्यांनी वाढली तर भाव किती टक्क्यांनी पडतो’ हे उत्तर.

काही पेपर संपादकापर्यंतही पोचत नाहीत, कार्यालयातच अडतात. जिथे लेखकाचं नाव झाकून परीक्षण होतं, तिथे नावाचं पान वेगळ्या फाइलमध्ये लागतं. मुख्य फाइलमधून आभार काढा. ‘आम्ही आमच्या आधीच्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे’ अशी वाक्यं बदला. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मात तुमचं किंवा कॉलेजच्या संगणकाचं नाव राहतं, तेही पुसा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने आपल्या जर्नलांत लेखकाचं नाव झाकणं २०११ मध्ये सोडून दिलं, कारण पेपराचं शीर्षक गूगलवर टाकलं की लेखक सापडतोच. आपल्याकडच्या बऱ्याच जर्नलांत ती पद्धत अजून आहे, तेव्हा पाळायला हवी.

नकारानंतर पेपर आठवड्याभरात पुढच्या जर्नलला जायला हवा. कप्प्यात ठेवला की आकडे जुने होतात. धीर हवा असेल तर जॉर्ज अकेरलोफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा पेपर आठवा. तीन जर्नलांनी नाकारला, चौथ्याने १९७० मध्ये छापला, २००१ चं नोबेल त्याच कामाला मिळालं. अर्थात नाकारलेला प्रत्येक पेपर तसा नसतो.

प्रश्न : ‘सुधारून पुन्हा पाठवा’ असं उत्तर आलंय, तीन महिन्यांची मुदत आहे. पण पहिला रेफरी म्हणतो पेपर लांबलाय, दुसरा आणखी चार चाचण्या मागतो. पेपर विदर्भातल्या सहा बाजारांतल्या संत्र्याच्या भावांचा आहे. कुणाला खूश करू? (सहयोगी प्राध्यापिका, धरमपेठ)

उत्तर : संपादकाला. निर्णय त्याचा असतो, रेफरी फक्त शिफारस करतात. त्याचं पत्र पुन्हा वाचा. ‘विशेषतः दुसऱ्या रेफरीचा तिसरा मुद्दा’ असं काही त्यात असेल तर पेपराचा जीव तिथे आहे. पत्र मोघम असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत त्याला पाच ओळींचा ईमेल करा : अमुक चाचण्या परिशिष्टात टाकतो, मुख्य मजकूर ३२ पानांवरून २६ वर आणतो, चालेल का? बहुतेक संपादक उत्तर देतात, आणि दिलेल्या उत्तराला मग ते स्वतःही बांधले जातात.

आता उत्तराचं टिपण. इथेच चांगले चांगले पेपर बुडतात. रेफरीचा प्रत्येक शेरा शब्दशः उतरवा, क्रमांक द्या, खाली तुमचं उत्तर आणि बदल कोणत्या पानावर कोणत्या ओळीत केला ते लिहा. नुसतं ‘सूचनेप्रमाणे दुरुस्ती केली’ लिहिलं की रेफरीला चाळीस पानं पुन्हा शोधत बसावं लागतं, आणि त्याचा राग तो निकालावर काढतो. इंग्रजीत लिहायचं असलं तरी ढाचा असा :

‘रेफरी २, मुद्दा ३. शेरा : मे ते सप्टेंबरचे भाव कुठून आले? उत्तर : आक्षेप बरोबर आहे. या महिन्यांत आवक जवळजवळ नसते. आधीच्या मसुद्यात आम्ही ती जागा दोन्ही बाजूंच्या भावांवरून सरळ रेषेने भरली होती. आता ते महिने वगळले आहेत आणि अंबिया व मृग बहार वेगळे हंगाम धरले आहेत. तक्ता ४ नव्याने काढला. मुख्य गुणक लहान झाला, दिशा तीच राहिली. पान १४, ओळी ६ ते २०.’

‘गुणक लहान झाला’, म्हणजे परिणाम आधीपेक्षा कमी निघाला, हे लपवू नका. रेफरी आधी जुना तक्ता आणि नवा तक्ता शेजारी ठेवूनच पाहतो.

हा नुसता नमुना नाही, संत्र्याच्या पेपरातलं खरं दुखणंच हे आहे. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिलात. मधल्या रिकाम्या महिन्यांत सरळ रेषा ओढली की सहाही बाजारांच्या मालिका एकसारख्या गुळगुळीत होतात, आणि बाजार एकमेकांशी जोडलेले आहेत, म्हणजे त्यांचे भाव सोबत हलतात, असा निकाल चाचणी आपोआप देते. तो निकाल बाजाराचा नसतो, तुमच्या पट्टीचा असतो.

दुसरं, एकक. ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव क्विंटलमागे रुपयांत असतात, आवक टनांत. कळमन्यात संत्र्याचा भाव बोलला जातो तो टनावर. वर्तमानपत्रांतून भरलेला एखादा महिना क्विंटलच्या रकान्यात गेला की भाव दहापट होतो. एक चाळणी लावा : किमान भाव सर्वसाधारणपेक्षा जास्त नाही ना, सर्वसाधारण कमालपेक्षा जास्त नाही ना. ज्या नोंदी या चाळणीत अडकतील त्यांची संख्या पेपरात सांगा.

तिसरं रेफरी विचारेलच, आजवर विचारलं नसलं तरी : बरेच बागाईतदार फळ झाडावर असतानाच अख्खी बाग व्यापाऱ्याला देतात. बाजारातला भाव मग त्यांना मिळालेला भाव नसतो. ‘शेतकऱ्याला मिळणारा भाव’ हे शब्द पेपरात जिथे जिथे असतील तिथे ‘बाजारातला घाऊक भाव’ करा.

आणि सहा बाजार. तुम्ही प्रमाणत्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) बाजारनिहाय क्लस्टर केल्या असतील, म्हणजे एका बाजारातल्या नोंदी एक गट धरून काढल्या असतील. त्या सूत्राला पुष्कळ क्लस्टर लागतात. सहावर ते चालवलं की त्रुटी खोट्या लहान येतात आणि तारांकित, म्हणजे सांख्यिकीदृष्ट्या ठळक, निकाल जरुरीपेक्षा जास्त दिसतात. यावर वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप (गटांना यादृच्छिक भार देऊन तेच गणित पुन्हा पुन्हा करण्याची पद्धत) वापरतात. पण नेहमीचे अधिक-उणे एकचे भार घेतले तर सहा क्लस्टरवर २ चा सहावा घात, म्हणजे ६४च जोड्या होतात आणि पी-मूल्य (परिणाम नसताना असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) जाडंभरडं येतं. म्हणून वेब यांचे सहा बिंदूंचे भार घ्या. स्टेटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बूटटेस्ट’ आज्ञेत हा पर्याय आहे. हे स्वतःहून केलं, तर मागितलेल्या चारपैकी एखाद-दोन चाचण्यांची गरज कदाचित उरणार नाही.

रेफरी चुकला असेल तर तसं लिहा, पण दोन वाक्यांत आणि पुराव्यासह. सगळ्याच मुद्द्यांवर वाद घालू नका. एखाद-दोन ठिकाणी घातलेला वाद ऐकला जातो.

प्रश्न : नऊ महिने झाले, ‘परीक्षणाधीन’ एवढंच दिसतंय. सर म्हणतात थांब. किती थांबू? (पीएच.डी. संशोधक, उमरेड)

उत्तर : सहा महिने उलटले की विचारणं रास्त असतं, म्हणजे तुमचा वेळ टळून गेला आहे. आजच पेपर क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि एक प्रश्न एवढाच ईमेल करा. महिन्याभराने दुसरा. त्यालाही उत्तर नाही आलं, तर पेपर मागे घेत असल्याचं लेखी कळवा, पोच घ्या आणि मगच दुसरीकडे पाठवा. पोच न घेता पाठवला तर नियमाने तो दोन ठिकाणी दिलेलाच ठरतो.

अर्थशास्त्र या बाबतीत मुळातच संथ आहे. ग्लेन एलिसन यांनी २००२ मध्ये दाखवलं की १९७०च्या सुमारास मोठ्या जर्नलांत सहा ते नऊ महिन्यांत स्वीकृती मिळे, आणि तीस वर्षांत तोच प्रवास सुमारे दोन वर्षांवर गेला. त्यातला मोठा वाटा दुरुस्तीच्या फेऱ्यांचा. पीएच.डी.साठी अडला असाल तर आणखी एक पाहा : यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, म्हणून विद्यापीठाचा चालू अध्यादेश वाचा. मार्गदर्शकांच्या आठवणीवर जाऊ नका.

प्रश्न : ‘सात दिवसांत प्रकाशन, शुल्क अडीच हजार, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, आयएसएसएन असलेलं आंतरराष्ट्रीय जर्नल’ असे ईमेल रोज येतात. केअरची यादी नाही, तर खरं-खोटं ओळखायचं कसं? (सहायक प्राध्यापक, कामठी)

उत्तर : सात दिवस म्हटल्यावरच विषय संपतो. अर्थशास्त्राचा पेपर दोन माणसांनी नीट वाचायला सात दिवस पुरत नाहीत.

पण मागचं थोडं सांगतो. यूजीसीने आपल्या जुन्या मान्य यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं काढली. २०१९ मध्ये केअरची यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं आणि निवडीची जबाबदारी विद्यापीठं-महाविद्यालयांवर आली. यूजीसीने सोबत फक्त मार्गदर्शक निकष दिले. आता तुमच्या निवड समितीसमोर ‘यादीत होतं’ हे उत्तर चालणार नाही. जर्नल का निवडलं ते तुम्हालाच सांगावं लागेल, म्हणून पाठवतानाच एक पान टिपण करून फाइलला लावून ठेवा.

आयएसएसएनचं कोडं आधी सोडवू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. हा आठ आकड्यांचा क्रमांक असतो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचा क्रमांक ००१२-९९७६. पहिल्या सात आकड्यांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा : ०, ०, ६, १०, ३६, २७, १४. बेरीज ९३. अकराने भागलं तर बाकी ५. अकरातून पाच गेले, उरले ६. शेवटचा आकडा ६, जुळलं. (उत्तर दहा आलं तर शेवटी एक्स हे अक्षर असतं.) ईमेलमधला क्रमांक या हिशेबात बसला नाही तर तो सरळ खोटा आहे. बसला तरी फार काही सिद्ध होत नाही. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. गाडीला नंबर प्लेट आहे म्हणून ब्रेक लागतात असं थोडंच आहे.

‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा शब्द क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधल्या, जर्नलच्या पेपरांचे सरासरी उल्लेख मोजणाऱ्या आकड्यासाठीच वापरायचा. त्याच्या आगेमागे ‘ग्लोबल’, ‘सायंटिफिक’, ‘युनिव्हर्सल’ असं काही चिकटवलेलं दिसलं, तर तो आकडा कुणीतरी विकत दिलेला आहे. ‘स्कोपसमध्ये (जर्नलांच्या आणि उल्लेखांच्या एका मोठ्या सूचीत) समाविष्ट’ असा दावा असेल तर स्कोपसच्या स्रोतसूचीत स्वतः शोधा, आणि समावेश कोणत्या वर्षापर्यंत आहे तेही पाहा. बरीच नावं सूचीत दिसतात पण त्यांचा समावेश मध्येच थांबवलेला असतो.

सगळ्यात पाताळयंत्री प्रकार नकली जुळ्यांचा. खऱ्या जर्नलचं नाव, खरा आयएसएसएन, मुखपृष्ठही तेच, फक्त संकेतस्थळ दुसरंच. म्हणून संकेतस्थळावर ईमेलमधल्या दुव्यावरून जाऊ नका; आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर किंवा स्कोपसच्या पानावर जो दुवा दिला आहे त्यावरून जा. मग गेल्या दोन अंकांतले तीन पेपर उघडून वाचा. एकाच अंकात सोयाबीन, दंतवैद्यक आणि क्लाउड कम्प्युटिंग असेल तर पुढे पाहायची गरज नाही.

शुल्काबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. पैसे मागणारं प्रत्येक जर्नल बनावट नसतं. अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू पेपर पाठवतानाच शुल्क घेतं, स्वीकारो वा नाकारो. मोठ्या प्रकाशकांच्या बऱ्याच जर्नलांत वर्गणीचा मार्ग निवडला तर लेखकाला काही द्यावं लागत नाही. पेपर सर्वांना मोफत खुला हवा असेल तरच शुल्क. स्वीकृतीनंतर जो अर्ज येतो त्यात हा पर्याय नीट वाचून निवडा. चुकीच्या चौकटीत टिक केली की बिल लाखाच्या घरात जातं.

प्रश्न : आमच्या आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला) प्रत्येक पेपराचा इम्पॅक्ट फॅक्टर हवा असतो. विज्ञानवाल्यांचे आकडे पाच-सहा, आमचे एक-दीड. आम्ही खरंच इतके मागे आहोत का? (विभागप्रमुख, अर्थशास्त्र, नागपूर)

उत्तर : ‘पेपराचा इम्पॅक्ट फॅक्टर’ अशी गोष्टच नाही. तो जर्नलचा असतो. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये ४० आणि २०२३ मध्ये ४४ पेपर छापले, एकूण ८४. या ८४ पेपरांचा २०२४ मध्ये १२६ वेळा उल्लेख झाला. १२६ भागिले ८४, म्हणजे २०२४ चा आकडा १.५. त्या १२६ पैकी ७० उल्लेख तीनच पेपरांचे असू शकतात आणि तीसेक पेपरांचा एकही नसू शकतो. सरासरीत ते कुठेच दिसत नाही.

अर्थशास्त्राचा आकडा लहान का, याचं कारण या दोन वर्षांच्या खिडकीत आहे. एखाद्याने २०२२ मध्ये पेपर लिहून पाठवला. दुरुस्त्या होऊन तो २०२५ मध्ये छापला गेला. त्यातले बहुतेक संदर्भ २०२२ पर्यंतचे. पण २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर मोजतो २०२३ आणि २०२४ मधल्या पेपरांचे उल्लेख. म्हणजे त्याची जवळजवळ सगळी संदर्भसूची हिशेबाबाहेर पडली. परीक्षण जितकं संथ, तितका सगळ्या विषयाचाच आकडा लहान. उलट टोकाला अर्थशास्त्राचे पेपर म्हातारे होईपर्यंत वापरले जातात. बऱ्याच नामवंत जर्नलांच्या बाबतीत, एका वर्षात झालेल्या उल्लेखांपैकी निम्म्याहून अधिक उल्लेख दहा वर्षांपेक्षा जुन्या पेपरांचे असतात.

आयक्यूएसीला तीन रकाने द्या : पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर, स्कोपसचा साइटस्कोअर (हा चार वर्षांवर निघतो) आणि जर्नल आपल्या विषयात कोणत्या चतुर्थकात, म्हणजे क्रमवारीच्या कितव्या पाव भागात, आहे ते. रसायनशास्त्राच्या शेजारी बसवायचं असेल तर चतुर्थकच बसवा, आकडा नको.

प्रश्न : गूगल स्कॉलरवर माझ्या पेपराची ११ सायटेशन (इतरांनी केलेले उल्लेख) दिसतात, स्कोपसमध्ये २. खरी कोणती? आणि वाढवायची कशी? (सहायक प्राध्यापिका, वर्धा रोड)

उत्तर : दोन्ही खरी, जाळी वेगळी. स्कॉलर प्रबंध, वर्किंग पेपर (जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे), परिषदेची पुस्तकं, सगळं पकडतं. स्कोपस फक्त आपल्या सूचीतली प्रकाशनं मोजतं. अर्ज भरताना आकड्यासमोर स्रोत आणि तारीख लिहा, म्हणजे कुणी शंका घेणार नाही.

वाढवण्याआधी गळती थांबवा. मराठी नावांची ती जुनीच व्यथा : एका पेपरात वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यात आद्याक्षरं, तिसऱ्यात लग्नानंतरचं आडनाव. स्कोपसमध्ये अशा एका व्यक्तीच्या तीन नोंदी होतात आणि सायटेशन तिघींत वाटली जातात. ऑर्किड हा संशोधकाचा सोळा आकड्यांचा ओळखक्रमांक काढा, प्रत्येक सबमिशनमध्ये तोच द्या, आणि स्कोपसमधल्या नोंदी एकत्र करायची विनंती तिथल्याच लेखक-दुरुस्तीच्या पानावरून करा.

दुसरं, पेपर छापून येईपर्यंत दडवून ठेवू नका. अर्थशास्त्रात वर्किंग पेपर आधी बाहेर काढायची रूढी आहे. तुमच्या कॉलेजची मालिका नसेल तर म्युनिक पर्सनल रेपेक अर्काइव्हवर ठेवता येतो. तिथून तो रेपेक या अर्थशास्त्रातल्या पेपरांच्या सूचीत जातो. जर्नलचं धोरण मात्र आधी वाचा, आणि छापून आल्यावर दोन्ही आवृत्त्या जोडून घ्या, नाहीतर सायटेशन पुन्हा दोन ठिकाणी फुटतात.

‘तू माझा दे, मी तुझा देतो’ या फडात शिरू नका. नको तिथे दिलेले संदर्भ रेफरीला लगेच कळतात, आणि असे गट सूचीकारांच्या संगणकाला त्याहून लवकर कळतात. स्वीकृतीच्या बदल्यात ‘आमच्या जर्नलचे पाच संदर्भ घाला’ असं संपादकाने सांगितलं तर नम्रपणे विचारा की कोणत्या मुद्द्यासाठी. खरंच लागू असतील तर घाला.

तुम्ही स्त्री आहात म्हणून एक निष्कर्षही सांगून ठेवतो. चार मोठ्या जर्नलांच्या सबमिशनवरच्या २०२० च्या अभ्यासात असं दिसलं की स्त्रियांनी लिहिलेल्या पेपरांना, दिसायला तशाच असलेल्या पुरुषांच्या पेपरांपेक्षा, सुमारे २५ टक्के जास्त सायटेशन मिळाली. एक अर्थ असा निघतो की आत येतानाच त्यांची चाळणी कडक होती.

प्रश्न : मराठीत पेपर लिहिला तर वाया जातो का? (पदव्युत्तर विद्यार्थी, सक्करदरा)

उत्तर : सायटेशनच्या हिशेबात जवळजवळ हो, वाचनाच्या हिशेबात नाही. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’मधला लेख बाजार समितीचा सचिवही वाचू शकतो. इंग्रजी सारांश, इंग्रजी शीर्षक आणि रोमन लिपीत लेखकाचं नाव द्यायला विसरू नका. तोच मजकूर भाषांतर करून इंग्रजी जर्नलला नवा म्हणून देणं मात्र चालत नाही. आधीची मराठी आवृत्ती संपादकाला पत्रात कळवा.

प्रश्न : पहिल्यांदाच रेफरी म्हणून बोलावणं आलंय. काय लिहायचं असतं? (सहायक प्राध्यापक, हिंगणा)

उत्तर : दोन पानं पुरतात. पहिल्या परिच्छेदात पेपर काय म्हणतो ते तुमच्या शब्दांत, म्हणजे लेखकाला कळतं की वाचलाय. मग तीन-चार मोठे मुद्दे, महत्त्वाचा आधी, आणि प्रत्येकापुढे काय केलं तर तुमचं समाधान होईल तेही. ‘साहित्य आढावा वाढवावा’ हा शेरा लिहायचाच असेल तर कोणते दोन पेपर राहिले त्यांची नावं द्या. व्याकरणाच्या चुका मोजत बसू नका, एका ओळीत सांगा.

आलेली फाइल चॅटबॉटला चढवू नका. तो पेपर अप्रकाशित आणि गोपनीय असतो. मोठ्या प्रकाशकांनी रेफरींना हे स्पष्ट मना केलं आहे. स्वीकारा किंवा नाकारा ही शिफारस लेखकाच्या भागात लिहायची नसते, ती संपादकासाठीच्या वेगळ्या रकान्यात जाते. लेखक ओळखीचा वाटला तर तेही तिथेच लिहा. आणि वेळ नसेल तर दोन-तीन दिवसांत नाही म्हणा, शक्य असेल तर विषय जाणणारी दुसरी दोन नावं सुचवा. उमरेडच्या पत्रातले नऊ महिने बहुतेक वेळा ‘हो’ म्हणून गप्प बसलेल्या रेफरीचे असतात.